‘डब्यातल्या आमटीची चव मलाच कळेनाशी झाली आहे’

पत्राचा सारांश: मी ५४ वर्षांची असून सांगलीत घरगुती जेवणाचे डबे देते. मुलगी मदतीला असते. पावसाळ्यात घरात सगळ्यांना सर्दी-ताप आला. बाकीचे बरे झाले, माझी चव मात्र गेली ती अजून परतलेली नाही. लिंबाचे सरबत आंबट-गोड लागते, ठेचा झोंबतो, पण गोड्या मसाल्याची आमटी आणि साधे वरण यांत मला फरक कळत नाही. डबे घेणारे मीठ जास्त झाल्याची तक्रार करतात. गेल्या काही आठवड्यांपासून कांदा-लसणाची फोडणी दिली की गटारासारखी घाण येते आणि कॉफी जळकी लागते. शाळेच्या पुस्तकात जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू अशी आकृती होती, ती आठवून मी टोकावर साखर ठेवूनही पाहिली. औषधाच्या दुकानातून झिंकच्या गोळ्या आणल्या आहेत, जीभ रोज खरवडते आहे. मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेते. माझी जीभ कायमची गेली का? चव परत येईल का? तोवर डबे बंद करावेत का?

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात जवळजवळ आलेले आहे. लिंबाचे सरबत आंबट-गोड लागते आणि ठेचा झोंबतो, असे तुम्ही लिहिले आहे. ज्या जिभेला साखर, लिंबू आणि मिरची ओळखता येते ती जीभ गेलेली नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गेला आहे तो वास, आणि तोही आता थोडाथोडा, पण चुकीच्या रूपात, परत येऊ लागला असावा. हे पत्रावरून बांधलेले अनुमान आहे. नाकाच्या आत दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय कोणीही खात्री देऊ नये, आणि ती तपासणी का करून घ्यायची हे पुढे सांगतो. पण त्याआधी जीभ आणि नाक यांच्यातली कामाची वाटणी तुम्हाला नीट कळली पाहिजे, कारण मिठाच्या तक्रारीपासून फोडणीच्या घाणीपर्यंतचे सगळे त्यातूनच उलगडते.

घरात खाण्याचा निळा रंग असेल तर त्याचा एक थेंब जिभेच्या शेंड्यावर पसरवा आणि उजेडात आरशासमोर उभ्या राहा. जीभ निळी होते, पण तिच्यावरचे टाचणीच्या डोक्याएवढे गोल ठिपके रंग घेत नाहीत आणि गुलाबीच राहतात. हे अंकुरक होत. चव ओळखणाऱ्या रुचिकलिका यांच्यात बसलेल्या असतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. जिभेच्या पार मागे उलट्या व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले मोठे अंकुरक असतात, कडांना घड्यांसारखे असतात, आणि काही रुचिकलिका टाळूच्या मऊ भागात व घशातही असतात. प्रौढ माणसाच्या तोंडात अशा काही हजार रुचिकलिका असून प्रत्येकीत ५० ते १०० पेशी दाटीने बसलेल्या असतात. या पेशी साधारण दहा ते चौदा दिवसांत झिजून जातात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. गरम चहाने पोळलेली जीभ काही दिवसांत पूर्ववत होते ती यामुळेच, आणि पावसाळ्यातल्या तापाने जिभेच्या पेशींना काही इजा झाली असती तरी ती एव्हाना बहुधा भरून निघाली असती. जिभेच्या मधल्या खरखरीत भागावर जे बारीक, पांढुरके अंकुरक दिसतात त्यांच्यात रुचिकलिका नसतातच. त्यांचे काम अन्नाला पकड देणे एवढेच. तेव्हा जीभ खरवडून चव उघडेल ही आशा सोडा. सकाळी हलक्या हाताने जीभ साफ करणे वेगळे आणि आग होईपर्यंत घासणे वेगळे. दुसरे आजपासून बंद करा.

या रुचिकलिकांना फार थोड्या गोष्टी ओळखता येतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. मिठातला सोडियम पेशीच्या आवरणातल्या सूक्ष्म मार्गांतून सरळ आत शिरतो. चिंच, लिंबू, आमसूल यांच्यातल्या आम्लाचे हायड्रोजन आयनही असेच आत जातात. गोड, कडू आणि उमामी यांच्यासाठी मात्र पेशीवर खास ग्राही प्रथिने असतात, आणि त्यांच्यात योग्य पदार्थ येऊन बसला तरच संदेश निघतो. गोडासाठी अशा प्रथिनांची एक जोडी पुरते, तर कडूसाठी माणसात सुमारे २५ प्रकार आहेत, कारण वनस्पतींमधली विषे अनेक तऱ्हांची असतात आणि ती तोंडातच ओळखली जाणे जिवासाठी आवश्यक होते. उमामी ही चव टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे काढून दाखवली. पिकलेला टोमॅटो, अळंबी, वाळवलेले सोडे किंवा जवळा घातला की रश्श्याला जो भरीवपणा येतो, त्यात हिचा मोठा वाटा असतो.

शाळेच्या पुस्तकातली ती आकृती विसरून जा. जर्मनीतील डेव्हिड हेनिग यांनी १९०१ मध्ये जिभेच्या कडेकडेने मोजमापे घेतली आणि वेगवेगळ्या जागांच्या संवेदनक्षमतेत किंचित फरक असल्याचे नोंदवले. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात तो फरक ज्या आलेखाने मांडला गेला त्यावरून वाचणाऱ्यांचा समज असा झाला की टोकाला फक्त गोड आणि मागे फक्त कडू कळते. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये पुन्हा मोजून पाहिले तेव्हा फरक अगदी थोडा निघाला. रुचिकलिका जिथे आहेत तिथे पाचही चवी कळतात. ही आकृती अजून पुस्तकांतून छापली जाते याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण तुमच्यासारखी माणसे तिच्यावर विसंबून आपल्या जिभेची परीक्षा घेतात आणि नसत्या काळजीत पडतात.

जिभेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. चवीचा संदेश मेंदूकडे नेण्यासाठी एकच मज्जातंतू नसतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव एक मज्जातंतू नेतो, मागच्या भागाची दुसरा, घशाची तिसरा, आणि हे तिन्ही उजवीकडे वेगळे व डावीकडे वेगळे. यांतला पहिला मधल्या कानातून जातो, म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव जाणवते. पण सर्दी-तापात हे सहाही मार्ग एकाच वेळी बंद पडणे जवळजवळ घडत नाही. चव गेली म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची जीभ तपासणीत चांगली निघते ती याच कारणाने.

ठेचा का झोंबतो, हेही सांगून टाकतो. मिरचीतले कॅप्सेसिन रुचिकलिकांना काहीच सांगत नाही. उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ज्या तंतूंना चटका कळतो, त्यांनाच ते चेतवते, आणि त्या तंतूंचा मार्ग चवीच्या मार्गांपासून वेगळा आहे. पुदिन्याचा गारवा, मोहरीचा नाकात चढणारा झणका, कांदा चिरताना डोळ्यांत येणारे पाणी हे सगळे याच मार्गाचे काम. आपल्या षड्रसांतले तिखट आणि तुरट आजच्या शरीरशास्त्रात चवीत न धरता स्पर्शाच्या व वेदनेच्या संवेदनांत धरतात. तुमचा हा मार्गही शाबूत आहे.

आता ज्या मार्गाचे बिघडले आहे त्याकडे येऊ. नाकाच्या छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, काही चौरस सेंटिमीटरची एक पातळ त्वचा असते आणि वास ओळखणाऱ्या पेशी तिच्यात असतात. माणसात या कामाची सुमारे ४०० प्रकारची ग्राही प्रथिने आहेत. ती बनवणारी जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एका वासात अनेक पदार्थ असतात, प्रत्येक पदार्थ यांतल्या काही प्रथिनांना चेतवतो, आणि कोणकोणती चेतली याच्या एकत्रित नमुन्यावरून मेंदू दालचिनी की दगडफूल हे ठरवतो. जिभेजवळ पाच चवी आहेत. नाकाजवळ असंख्य नमुने आहेत. धने, तीळ, सुके खोबरे, नागकेशर, तमालपत्र यांना तुमच्या गोड्या मसाल्यात जी आपापली ओळख आहे, ती जवळजवळ सगळी नाकाची आहे.

ही ओळख पटते केव्हा, तर घास चावताना. हुंगताना वास नाकपुड्यांतून आत जातो हे सर्वांना ठाऊक आहे. पण चावलेल्या घासातून निघणारी वाफ टाळूच्या मागून वर चढते आणि श्वास सोडताना त्याच त्वचेपर्यंत मागच्या दाराने पोहोचते. मेंदू तिथला संदेश जिभेच्या संदेशाशी जोडतो आणि सगळे तोंडातच घडल्यासारखे आपल्याला वाटते. त्यामुळे वास गेलेला माणूस नाकाबद्दल तक्रार करत नाही, चव गेली म्हणतो.

हे तुमच्या मुलीला अनुभवायला सांगा. तिने डोळे मिटावेत, दोन्ही नाकपुड्या बोटांनी घट्ट दाबाव्यात आणि चमचाभर केशर-वेलचीचे श्रीखंड तोंडात घ्यावे. तिला गोड कळेल, आंबट कळेल, चक्क्याचा मऊपणा कळेल, आणि त्यापलीकडे काही कळणार नाही. मग घास तोंडात असतानाच नाक सोडून तिने श्वास बाहेर टाकावा. वेलची त्याच क्षणी प्रकट होते, केशर तिच्या मागोमाग येते. नाक दाबलेले असताना तिने जे खाल्ले तेच तुम्ही गेले काही महिने रोज खाता आहात, हे तिला एका चमच्यात समजेल, आणि मला वाटते की घरच्यांना ते समजणे तुमच्यासाठी औषधाइतकेच गरजेचे आहे. ‘एवढे काय त्यात, पोट तर भरते’ असे ऐकून घेतलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

मिठाचे कोडे इथेच सुटते. आमटीतला मसाल्याचा वास तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती सपक लागते. आणि सपक लागलेल्या आमटीत काय कमी आहे याचे उत्तर इतक्या वर्षांच्या सवयीने हात परस्पर देतो, तो मिठाच्या बरणीकडे जातो. त्यात भर म्हणजे वास हा चवीला बळही देत असतो. साखरेच्या पाण्यात स्ट्रॉबेरीचा वास मिसळला तर तेच पाणी लोकांना अधिक गोड लागते, हे प्रयोगांत दिसले आहे, आणि सोया सॉससारख्या खारट पदार्थाच्या वासाने खारटपणा वाढल्याचेही आढळले आहे. वासाचा हा आधार गेल्यावर योग्य मीठ पडलेला रस्साही तुम्हाला अळणी वाटणार. शिवाय पातेल्यातून वारंवार चाखत राहिले की जीभ त्या खारटपणाला सरावते आणि दर वेळी तो थोडा कमी जाणवतो. तेव्हा तुमचा अंदाज चुकला असे मनाला लावून घेऊ नका. ज्या माहितीवर तो अंदाज उभा होता तीच निम्मी नाहीशी झाली आहे.

फोडणीच्या घाणीने तुम्ही घाबरला आहात, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. विषाणूंच्या आजारात वासाच्या त्वचेला इजा होते. कोविडच्या विषाणूबाबत तर असे आढळले की तो मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो आणि त्यांच्याबरोबर वासाच्या पेशीही कोलमडतात. सुदैवाने या त्वचेच्या तळाशी मूळ पेशी असतात आणि त्यांच्यापासून वासाच्या नव्या पेशी तयार होतात, ही क्षमता आपल्या फार थोड्या मज्जापेशींना लाभली आहे. पण नव्या पेशींचे धागे नाकाच्या छतातल्या हाडाच्या बारीक छिद्रांतून वर जाऊन मेंदूत आपापल्या जागी जोडले जावे लागतात, आणि ते काम पुरे होईपर्यंत मेंदूकडे अपुरा, तुटका नमुना पोहोचतो. पेटीच्या निम्म्या पट्ट्या मुक्या असताना ओळखीचे गाणे वाजवावे आणि ते भलतेच ऐकू यावे, तसे हे असते. याला पॅरोस्मिया म्हणतात, आणि आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी तो सुरू होणे हे नेहमीचे आहे. कांदा, लसूण, कॉफी, अंडी, भाजलेले मांस हे त्यात हटकून त्रास देतात. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी कॉफीच्या वासातले घटक वेगळे करून एकेक हुंगायला दिले, तेव्हा पॅरोस्मिया असलेल्यांना सर्वाधिक त्रास देणाऱ्यांत एक गंधकयुक्त घटक ठळकपणे पुढे आला. असे काही घटक अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, म्हणून अर्धवट जागे झालेले नाक आधी त्यांनाच पकडते. कांदा-लसणाचा वासही गंधकाच्या संयुगांचाच आहे. तुमच्या फोडणीत काहीही सडलेले नाही, आणि ही घाण येणे बहुधा पेशी पुन्हा उगवत असल्याची खूण आहे.

परत येईल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की विषाणूमुळे गेलेला वास बहुतेकांचा काही महिन्यांत पुष्कळसा परततो, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि थोड्यांचा पूर्वीइतका परतत नाही. तुमच्या बाबतीत वास येऊ लागला आहे, भले वाकडा, म्हणून मी आशावादी आहे. जे करून फायदा होतो असे अभ्यासांतून दिसले आहे ते म्हणजे वासाचा सराव. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले होते, आणि सराव न करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा अधिक झाली. हे चारही तुमच्या घरात असतील किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील. काचेच्या चार लहान बरण्या घ्या. एकीत ताजी लिंबाची साल, दुसरीत ठेचलेल्या लवंगा, तिसरीत गुलाबाच्या अत्तराचा बोळा, चौथीत निलगिरीच्या तेलाचा. सकाळी चहाआधी आणि रात्री निजताना प्रत्येक बरणी नाकाशी धरून दहा-वीस सेकंद हळूहळू हुंगा, आणि हुंगत असताना तो वास कसा होता हे आठवण्याचा मनापासून प्रयत्न करा. मध्ये अर्धा मिनिट थांबा. बरणीवर नाव लिहा, बरण्यांची अदलाबदल करू नका. सुरुवातीला काहीच येणार नाही किंवा चौघांचा एकच चमत्कारिक वास येईल. तरी सोडू नका. तीन महिन्यांनंतर वास बदला, आणि मग तुमच्या डब्यातलेच मसाले घ्या: धने, दालचिनी, जायपत्री, दगडफूल. सुधारणा इतक्या मंद गतीने होते की रोज पाहिल्यास ती दिसत नाही, म्हणून दर रविवारी वहीत दोन ओळी लिहून ठेवा. वास येतो का हे पाहायला मात्र कापूर किंवा बाम वापरू नका. त्यांचा गारवा आणि झणका मिरचीचा चटका नेणाऱ्या त्या दुसऱ्या मार्गाने कळतो आणि नाक बरे झाल्याचा भास होतो.

झिंकच्या गोळ्यांबद्दल. शरीरात जस्त कमी असेल तर चव बिघडते आणि ते दिल्यावर सुधारते, हे खरे आहे. जस्त पुरेसे असताना गोळ्या घेऊन वास परत येत नाही, आणि त्या महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते. तपासणी होईपर्यंत त्या थांबवा. नाकात घालायचे जस्ताचे जेल किंवा फवारा कोणी सुचवला तर साफ नकार द्या. अशा उत्पादनांनी कायमचा वास जाऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्येच इशारा दिला होता. नाकात लसणाचा रस वगैरे घालण्याचे उपायही त्याच पंक्तीतले.

मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. त्याने काहींना तोंडात धातूसारखी चव येते, ती तुम्हाला येत नाही. पण ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होण्याचा धोका असतो, आणि त्या कमतरतेत जीभ गुळगुळीत, लालसर व हुळहुळी होऊन चव मंदावते. म्हणून ब-१२ ची आणि त्याबरोबर तीन महिन्यांच्या साखरेची रक्ततपासणी करून घ्या. साखर फार वाढलेली असली की तोंड कोरडे पडते, आणि लाळेत विरघळल्याशिवाय कोणताही पदार्थ रुचिकलिकेपर्यंत पोहोचू शकत नाही. पावसाळ्यानंतर दुसरे कोणते औषध सुरू झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मेट्रोनिडॅझोल, बुरशीवरचे टर्बिनाफिन, रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल अशा काही औषधांनी खऱ्या अर्थाने जिभेची चव बिघडते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे या महिन्यातच जा. दुर्बिणीने नाक पाहायला काही मिनिटे लागतात, आणि नाकातले मऊ कोंब किंवा सायनसची जुनी सूज निघाली तर वास अडण्याचे ते वेगळे कारण ठरते आणि त्याला वेगळे उपचार आहेत. वास एकाच नाकपुडीचा गेला असेल, नाकातून रक्त येत असेल, सततची डोकेदुखी असेल किंवा अलीकडे डोक्याला मार लागला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण स्कॅनची गरज आहे की नाही हे त्यावरून ठरते. सर्दी-तापाशी संबंध नसताना साठीच्या पुढे हळूहळू वास जाणे हे पार्किन्सनसारख्या आजारांचे आरंभीचे लक्षण असू शकते. तुमची सुरुवात तापाने आणि एकदम झाली आहे, तेव्हा हे वाचून त्या भीतीच्या मागे लागू नका.

आता डबे. बंद करू नका, पण काही गोष्टी आजच बदला. मीठ चवीने घालणे थांबवून वजनाने घाला. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा आणा आणि एक लिटर आमटीला सात ते आठ ग्रॅम मिठापासून सुरुवात करा. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे बारीक मीठ साधारण पाच-सहा ग्रॅम होते. मुलीला चाखायला सांगून प्रत्येक पदार्थाचा आकडा पक्का करा आणि भिंतीवर लावा. चाखताना तिने रस्सा वाटीत काढून कोमट होऊ द्यावा आणि दोन पदार्थांच्या मध्ये पाण्याने चूळ भरावी. मोठ्या माणसाला दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे तुमच्या आकड्यांचा कल खालच्या बाजूला राहिला तर गिऱ्हाइकांचे भलेच होईल. कमी मिठाला जीभ दोन-तीन महिन्यांत रुळते.

याहून गंभीर गोष्ट विटलेल्या अन्नाची आहे. आंबूस झालेली डाळ, खवट खोबरे, नासायला लागलेले दूध, जुने झालेले तेल हे सगळे तुम्ही आजवर नाकाने पकडत आलात. ती राखण सध्या नाही. शिजवलेल्या प्रत्येक भांड्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी लावा, आदल्या दिवशीचे काही डब्यात घालू नका, आणि डबे भरण्याआधी मुलीने प्रत्येक पदार्थ हुंगल्याशिवाय एकही झाकण बंद होऊ देऊ नका. ती घरी नसेल त्या दिवशी शेजारणीला बोलवा.

गॅसचेही तसेच. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि तेही गंधकाचेच संयुग आहे, म्हणजे तुमच्या नाकाला सध्या ज्याबद्दल सर्वांत कमी भरवसा आहे तेच. गळतीचा भोंगा देणारे उपकरण बसवून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे ते जमिनीपासून वीतभर किंवा थोडे वर लावायचे असते, छताजवळ नाही. शेगडीची नळी तपासून घ्या, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, आणि गळतीच्या तक्रारीचा १९०६ हा क्रमांक मुलीच्या फोनमध्ये असू द्या. करपल्याचा वासही येणार नाही, तेव्हा शेगडीवर काही असताना मोबाइलवर गजर लावल्याशिवाय तिथून हलू नका.

गिऱ्हाइकांना सरळ सांगा की तापानंतर वास गेला होता, मीठ आता मोजून घालतो, काही कमी-जास्त वाटल्यास त्याच दिवशी कळवावे. इतकी वर्षे तुमच्या हातचे जेवलेली माणसे हे समजून घेतील.

शेवटी तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते. फोडणीची घाण येत असताना अनेक जण खाणे निम्म्यावर आणतात, किंवा काहीतरी चव लागावी म्हणून गोडाकडे वळतात. मधुमेहात दोन्ही वाईट. गरम पदार्थातून वाफ जास्त निघते, म्हणून सध्या जेवण थंड किंवा कोमट घ्या. कांदा-लसूण न घातलेला दहीभात, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, टोमॅटोचे सार, वरून भाजलेले शेंगदाणे किंवा कुरकुरीत पापड असे जेवण चालेल. आंबट, उमामी, तिखट आणि कुरकुरीतपणा हे सगळे तुम्हाला पूर्वीइतकेच कळते, तेव्हा ताटात तेच वाढवा आणि जे सहन होत नाही ते आणखी काही आठवड्यांनी पुन्हा चाखून पाहा. कांदा-लसणाच्या फोडणीचे काम मुलीकडे द्या आणि ती चालू असताना खिडकी उघडून दुसऱ्या खोलीत बसा. दर आठवड्याला वजन करा. ते सतत उतरत असेल किंवा साखरेचे आकडे खाली-वर होत असतील तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा, कारण खाणे कमी झाल्यावर औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.